होडीतला माणूस

मी एक जुनी फळी आहे. मित्रांनो, फळी म्हटले की तुम्हाला स्वयंपाकघरातली डब्यांची फळी आठवत असेल. तसे समजू नका. मी बोटीची फळी आहे, आणि तीही नाळेची, म्हणजे बोटीचे जे टोक सगळ्यांच्या आधी पाणी कापते तिथली. आज मात्र मी एका घराच्या भिंतीवर आहे. चारही कोपऱ्यांत स्क्रू पिळून मला घट्ट बसवले आहे. माझ्या अंगावर समुद्र रंगवलेला आहे आणि खरा समुद्र माझ्या पाठीमागे, भिंतीच्या पलीकडे आहे. भरती आली की तिचा आवाज मला चिऱ्यांमधून ऐकू येतो, पण वळून बघण्याची सोय नाही. अशा जागी बसून मी तुम्हाला माझी हकिकत सांगते आहे, तेव्हा मधूनमधून कुरकुरले तर चालवून घ्या.

माझे झाड कुठल्या डोंगरात वाढले ते मला ठाऊक नाही. माझ्या आठवणी सुरू होतात त्या दिवेआगरच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या कोळीवाड्यात. धर्माजी नाखव्याने तिथे किनाऱ्यावरच बोट बांधायला घेतली होती. सुतारांनी मला तासले, शेकून वाकवले, फटींमध्ये कापूस ठोकून बसवला आणि वरून माशाचे तेल चोळले. त्या तेलाच्या वासाने वाड्यातली मांजरे आमच्याभोवती फेऱ्या मारत. वाकताना मी पुष्कळ कण्हले, पण वाकल्यावर माझा डौल मलाच आवडला. बोटीचे नाव ठेवले 'सुखदेणी', आणि ते नाव लिहायला जागा निवडली ती माझी. नाव अंगावर आले आणि मला जरा तोरा चढला, हे काही मी नाकारत नाही.

पुढची पुष्कळ वर्षे मी समुद्रात होते. लाट येताना आधी मला दिसायची, मग बाकीच्यांना. बोंबील, कोलंबी, पापलेट, जे मिळेल ते घेऊन आम्ही परतायचो आणि किनाऱ्यावर टोपल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका लांबूनच माझ्यावरचे नाव ओळखायच्या. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की बोट वर ओढून नारळाच्या झापांखाली झाकून ठेवत. नारळी पौर्णिमा जवळ आली की अंग खरवडून नवा रंग. कोळ्याच्या घरात एक वेळ माणसाला नवे कपडे नसले तर चालते, बोटीला नवा रंग नसला तर चालत नाही.

नाव लिहायला म्हसळ्याहून एक पेंटर यायचा. एका वर्षी पौर्णिमा तोंडावर आली तरी त्याचा पत्ता नव्हता. धर्माजी डोक्याला हात लावून बसला. तेव्हा त्याची शाळेत जाणारी मुलगी भाविका पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, मी लिवू?" धर्माजीने हसून वेळ मारून नेली असती, पण त्याचा धाकटा भाऊ कान्हा रंगाचा डबा घेऊन माझ्यापाशी येऊन बसलाही होता. "लिव दे रं तिला. वाकडं झालं तर मासं काय वाचाया येनार हायत?" असे म्हणून त्याने डबा धरला. भाविकाने पहिले अक्षर एवढे मोठे काढले की शेवटच्या अक्षराला अंग चोरून कोपऱ्यात उभे राहावे लागले. त्या वर्षी सगळे बंदर आम्हाला हसले. पुढच्या वर्षी अक्षरे सारखी आली. त्याच्या पुढच्या वर्षी इतर नाखवेही भाविकाला बोलावू लागले आणि म्हसळ्याचा पेंटर यायचा तो थांबलाच.

हीच तिची शाळा. तिला कोणी हात धरून शिकवले नाही. बोटी रंगवून उरलेले रंग कान्हा तिला आणून द्यायचा आणि ती ते नारळाच्या करवंट्यांत कालवत बसायची. कान्हाने लग्न केले नव्हते. एक लहान होडी, एक जाळे आणि ही पुतणी, एवढाच त्याचा संसार होता. तो तिला होडीत बसवून खाडीत न्यायचा आणि विचारायचा, "आज पान्याचा रंग कंचा, सांग." ती निळा म्हणाली की तो मान हलवायचा. मग ती नीट बघायची. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाणी निळे नसतेच. ते सकाळी राखेसारखे असते, ओहोटीला चहासारखे, आणि पावसानंतर त्यात कुठेतरी शेवाळाची हिरवी छटा असते. हे तिला तेव्हापासून दिसू लागले.

मित्रांनो, आता जे सांगायचे आहे ते सांगावेसे वाटत नाही, पण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. एका दिवशी कान्हा एकटाच लहान होडी घेऊन गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी 'सुखदेणी' घेऊन शोधायला निघाला. मी नाळेची फळी. होडी पहिल्यांदा मला दिसली. ती शांत पाण्यावर सरळ उभी होती. जाळे नीट घडी घातलेले, जेवणाचा डबा तसाच बांधलेला, आणि आत कोणी नाही. कान्हा कधीच सापडला नाही. धर्माजीने ती होडी दोरीने बांधून आणली आणि किनाऱ्यावर पालथी घातली. तेव्हापासून आमच्या वाड्यात कोणी पाण्यात रिकामी होडी नुसती लांबून पाहिली तरी बायका पदर तोंडाला लावतात. पाण्यात होडी आहे आणि होडीत माणूस नाही, याचा अर्थ आमच्याकडे एकच होतो.

मग ते चक्रीवादळ आले. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. 'सुखदेणी' धक्क्यावर आपटून फुटली. एके काळी मोठे वाकडे अक्षर मिरवलेली बोट जळणाच्या ढिगात गेली. धर्माजी कोयत्याने फळ्या फोडत होता आणि भाविका एकेक फळी बाजूला करून बघत होती. मी सापडले तशी ती मला उचलून घरात घेऊन गेली. चुलीतून वाचले म्हणून मी देवाचे आभार मानले. पुढे काय वाढून ठेवले आहे हे मला कुठे माहीत होते!

ती मला आधी पालथी टाकून माझ्या पाठीवर रंग लावून बघायची. राखाडीत किती पिवळा घातला तर ओहोटी होते, ढग पाण्यात कसा उतरतो, लाटेची कड पांढरी असते की नुसती उजळ. मोबाइलवर ती चित्रकारांचे व्हिडिओ बघायची आणि 'असलं पाणी कुठं असतं' म्हणून पुटपुटायची. माझी पाठ तुम्ही पाहिलीत तर तिथे तिचे सगळे चुकलेले समुद्र सापडतील. आणि एके दिवशी तिने मला उलटे केले. माझी लांबी अंगचीच समुद्राच्या मापाची. तिने माझ्यावर आमचे खाडीचे तोंड काढले, पाऊस संपत आलेला, पाणी चहाच्या रंगाचे, आणि मधोमध लहान होडीत पाठमोरा बसून वाड्याकडे वल्हवत येणारा कान्हा. चेहरा दिसत नव्हता. तरी धर्माजीने दारातूनच ओळखले. दुसऱ्या दिवसापासून तो जेवायला माझ्यासमोर बसू लागला.

माझ्या आयुष्यात कोणी माझे कौतुक केले असेल तर ते एवढेच, आणि मला ते पुरले असते. पण दिवेआगरचा कुलदीप एकदा मासे न्यायला घरी आला आणि त्याने मला पाहिले. कुलदीपची सुपारीची वाडी वादळात झोपली होती, म्हणून त्याने उरलेल्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. कर्ज आणि पाहुणे यांच्या कात्रीत सापडलेला होता, इतकेच. तो म्हणाला, "भाविकाताई, माझ्या रूम्ससाठी चार सीन काढून दे ना. पण पाणी मस्त ब्लू पाहिजे हां. प्रत्येकात एक सनसेट, एक माड, आणि एक होडी. माणूस नको."

"माणूस का नको?"

"अगं, माणूस आला की गिऱ्हाईक विचारतं, हा कोण. रिकामी होडी कशी शांत वाटते."

घरी बोट नव्हती, धर्माजी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जात होता. तिने चार चित्रे काढली. चारही होड्या रिकाम्या.

हौसेने सुरू झालेले काम पोटाला लागले की त्याची चव जाते असे म्हणतात. त्या चार चित्रांच्या जागी चाळीस झाली. कुलदीपच्या ओळखीने अलिबागकडच्या बंगल्यांतून मागणी येऊ लागली. लोक तिला चित्रकार म्हणू लागले, तिच्या नावाची पाटी झाली, आणि तीच निळाई, तोच केशरी गोळा, तीच रिकामी होडी ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत काढत राहिली. कधी तिने पाण्यात जरा राखाडी घातली तर कुलदीप म्हणायचा, "ताई, हे जरा सॅड दिसतंय." मग ती त्यावर निळा फासायची. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. समुद्र बघायला मला भिंत आडवी आली होती, आणि तिला तो केशरी गोळा. तिने एक दिवस माझ्यावर जुनी चादर टाकली आणि बापाला सांगितले, धूळ बसते. काम करताना कान्हाची पाठ समोर नको वाटत असावी.

धर्माजीला यातले काही ठाऊक नव्हते. चित्र पुरे झाले की भाविका लगेच वर्तमानपत्रात गुंडाळायची, आणि बाप ते गाठोडे खांद्यावर घेऊन अभिमानाने रस्त्यापर्यंत पोचवायचा. "पोर दर्या काढते माझी," असे तो भेटेल त्याला सांगायचा. त्याच चित्रांच्या जोरावर त्याच्यासाठी फायबरची नवी होडी आली. तिच्यावर नाव भाविकानेच लिहिले. बापाला कळले तर काय, हा एकच घोर तिला होता, आणि तो मला चादरीखालीही कळत होता.

तशात कुलदीप एक मोठे काम घेऊन आला. अलिबागजवळ नवे हॉटेल होत होते आणि आत शिरल्याबरोबर दिसेल असे एक चित्र त्यांना हवे होते, तेही जुन्या बोटीच्या लाकडावर. कुलदीपने सरळ माझ्यावरची चादर काढली. "हीच फळी दे. रेडीच आहे. फक्त पाणी ब्लू कर आणि हा माणूस काढ. हे काम झालं ना ताई, तर तुला मागे बघायला नको."

"तो माझा काका हाय, दादा."

"म्हणून तर म्हणतो. त्यांना काय माहीत तुझा काका?"

ती बरेच दिवस माझ्यासमोर नुसती बसून राहिली. हातात ब्रश घ्यायची, ठेवायची. शेवटी एका सकाळी धर्माजी समुद्रावर गेल्यावर तिने निळा रंग कालवला. आधी पाणी झाकले. मग आकाश. कान्हा सगळ्यांत शेवटी. त्याच्या पाठीवरून ब्रश फिरत होता आणि मी आतून ओरडत होते. पण फळीचे ओरडणे कोणाला ऐकू जाते? वादळात मी फुटले नाही, चुलीत जळले नाही, आणि आता एका ब्रशाने मला जिवंतपणी पुरले. उरली ती एक सुबक, शांत, रिकामी होडी. भाविका हात पुसून बाहेर गेली, ती बराच वेळ आली नाही.

बापाच्या नजरेला पडू नये म्हणून तिने मला भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. रंग अजून पुरता वाळला नव्हता, पण कुलदीपचा टेम्पो यायचा होता म्हणून दोनतीन दिवसांतच तिने मला सैलसर चादरीत गुंडाळले. धर्माजीने नेहमीचेच एखादे चित्र समजून मला खांद्यावर घेतले. उंबऱ्याशी चादर घसरली. त्याने मला खाली ठेवून ती सारखी करायला हात घातला, आणि हात तसाच राहिला.

"ही होरी कोनाची?" त्याने विचारले.

"नुसतीच हाय, बाबा. चित्रातली."

"पान्यात हाय, मंग कोनाची तरी हाय. हिच्यातला मानूस कुठं गेला?"

धर्माजी उंबऱ्यावरच बसला. तो चिडला नव्हता. तो बोलू लागला, आणि जे बोलला ते त्याने इतक्या वर्षांत कोणालाच सांगितले नव्हते. "त्याची होरी अशीच दिसली मना. लांबून अशीच. दर्या शांत, होरी सरल उभी. मना आनंद झाला, बाय. मी खलाशांना वरडून सांगितला, आला रं कान्हा, होरी घावली. हसलो मी. जवल जाईपर्यंत हसत होतो."

ते मीही पाहिले होते. त्याचे हसणे मी नाळेवरून ऐकले होते आणि ते थांबलेलेही.

"तुझ्या समद्या चित्रांत अशाच होऱ्या हायत?"

"व्हय, बाबा."

"आन माझी नवी होरी त्याच्यावर आली?"

"व्हय."

आता तो नवी होडी फोडून टाकेल, नाहीतर मला अंगणात फेकेल, असे मला वाटले. भाविकालाही तेच वाटले असावे, कारण ती भिंतीला टेकून उभी राहिली होती. धर्माजी मात्र माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "मंग पुस. समद्यांचा माहीत न्हाय मना. त्या एकाला तरी घरी आन."

भाविकाने टर्पेंटाइनमध्ये फडके बुडवले. वरचा रंग कोवळा होता, खालचा मुरलेला. ती हलक्या हाताने पुसत गेली. आधी कान्हाचे कोपर आले, मग वल्हे, मग वाकलेली पाठ. मित्रांनो, बाळंतपण कसे असते ते मला माहीत नाही, पण घरातल्या दोघांचे श्वास तसेच अडकलेले होते. सगळा निळा निघाला नाही. कान्हाच्या खांद्यावर आणि मानेवर थोडा राहिलाच. आणखी घासले असते तर खालचा माणूस गेला असता, म्हणून तिने हात आवरला. आजही तो निळा तिथे आहे.

टेम्पो आला तेव्हा कुलदीपने कपाळाला हात लावला. "अगं, ते लोक विचारतील हा कोण!"

"विचारलं तर सांगा," भाविका म्हणाली. "माझा काका हाय. घरी चाललाय."

कुलदीप रिकामा टेम्पो घेऊन गेला. हॉटेलचे काम गेले, पाठोपाठ बंगल्यांचेही आटले. भाविकाने ठरवले की यापुढे तिच्या समुद्रात रिकामी होडी असणार नाही, आणि अशा समुद्राला गिऱ्हाईक नव्हते. ती पुन्हा पौर्णिमेआधी बोटींवर नावे लिहू लागली. आगीतून फुफाट्यात पडल्यासारखे ते दिवस होते. तरी धर्माजीने मला भिंतीवर लावले, आणि तेही घट्ट स्क्रू पिळून. पुन्हा कोणी मला उचलून नेऊ नये म्हणून. प्रेमाने कोंडले तरी कोंडलेलेच, नाही का?

मग एका सकाळी हरिहरेश्वरकडच्या एका कोळीवाड्यातून ठमाबाई नावाची एक म्हातारी आली. ती कुलदीपच्या खोल्यांवर मासे घालायची. कुलदीप सहज कोणाला तरी ही सगळी हकिकत सांगत होता, ती तिने ऐकली होती. तिने कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढला. लग्नातला होता, गर्दीतला, आणि कडेला उभ्या असलेल्या तरुणाचा अर्धा चेहरा तेवढा स्पष्ट होता.

"माझा पोरगा," ती म्हणाली. "होरी आली, त्यो न्हाय आला. तू मानसं होरीत बसवतंस, असा ऐकला. याला बसव ना, बाय. तोंड घराकडं कर."

भाविकाने तो समुद्र पुष्कळ दिवस रंगवला. पाण्याचा रंग कंचा, हे तिने ठमाबाईला विचारून विचारून ठरवले. चित्र न्यायला आली तेव्हा ठमाबाईने मुलाच्या पाठीवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "जेवला नसंल ह्यो." बस्स. पुढे तिच्या वाड्यातून आणखी कोणी आले, मग अलिबागच्या बाजूने, मग कुठून कुठून. आज भाविकाला समुद्राची चित्रकार म्हणून ओळखतात ते या चित्रांसाठी. श्रीमंत नाही झाली, पण घर चालते. कुलदीपनेही एक चित्र नेले आणि टेबलामागे लावले. पाहुणे विचारतात, हा कोण. आता तो सांगतो.

माझे म्हणाल तर मी इथेच आहे. समुद्र पाठीमागे आणि समुद्र पोटावर, मध्ये मी. लाकूड आहे, सुटण्याची आशा ठेवत नाही. पण मित्रांनो, एक मागणे आहे. कुठल्या भिंतीवर समुद्राचे सुंदर, शांत चित्र दिसले आणि त्यात रिकामी होडी असली, तर नुसते छान म्हणून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा आणि विचारा, हिच्यातला माणूस कुठे आहे. कोणीतरी त्याची वाट बघत असते.

आमच्या धर्माजीचे आता वय झाले. तरी रोज पहाटे तो जाळे खांद्यावर टाकतो, निघताना माझ्यापाशी थांबतो आणि कान्हाच्या त्या निळ्या राहिलेल्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "येतो रं." आणि तो परत येईपर्यंत मी भिंतीमागची प्रत्येक लाट ऐकत असते.